उशिराचा रकाना

घरात तिला सगळे खटपटी म्हणत. नाव थोरल्या नणंदेनं ठेवलेलं, आणि ठेवताना त्यात कौतुक फारसं नव्हतं. नवी सून घरात येऊन आठवडा झाला नाही तोच तिनं बैठकीतला बंद पडलेला रेडिओ जेवणाच्या टेबलावर उलगडून ठेवला होता. "आमच्या भावानं बायको आणली की खटपट?" असं नणंद तेव्हा म्हणाली होती. संध्याकाळपर्यंत रेडिओ गायला लागला, पण नाव चिकटलं ते चिकटलंच. पुढं त्या खटपटीचाच तिनं धंदा केला. सभागृहं, शाळा, दवाखाने, जिथं म्हणून भिंतीवर स्पीकर आणि कुणाच्या तरी हातात माइक असेल, तिथली यंत्रणा ती बसवायची आणि बिघडली की बघायची.

नणंद पोहायला शिकवायची. गावातल्या बंदिस्त तरणतलावावर तिची अर्धी हयात गेली होती. गळ्यात कायम शिट्टी, म्हणून पोरं तिला पाठीमागं शिट्टीबाई म्हणत. समोर म्हणायची कुणाची छाती नव्हती. पन्नाशी ओलांडल्यावर मात्र तिचा घसा बसायला लागला. डॉक्टरांनी ओरडणं बंद करा म्हणून सांगितलं आणि नाइलाजानं तिला माइक धरावा लागला. त्याच वर्षी खटपटीची लेक पोहायला जाऊ लागली. लेक नऊ वर्षांची, पाण्यात पाय मारायची पद्धत अशी की आत्यानंच तिचं नाव बेडकी ठेवलं. नावं ठेवण्यात आत्याचा हात कुणी धरला नसता.

एका सकाळी नणंदेचा फोन आला.

"खटपटे, तुझं ते डबडं पुन्हा गुणगुणतंय. आणि खोल टोकाला काही कळत नाही गं पोरांना. मी 'हात लांब' म्हणते, तिकडं 'आत थांब' ऐकू येतं. पोरं आपली थांबतात."

"येते ताई. आजच येते."

तरणतलावाची इमारत आतून एखाद्या भल्यामोठ्या खोक्यासारखी होती. एका बाजूला जमिनीपासून वरपर्यंत काचा, बाकी तिन्ही भिंतींना पांढऱ्या फरशा. वर जाड पांढऱ्या तक्त्यांचं छत, बारीक धातूच्या सळ्यांनी खऱ्या छपराला टांगलेलं. पाण्यावरचं ऊन त्या छतावर सारखं हलत राहायचं, त्यामुळं वर बघितलं की छतच पाणी आहे असं वाटे. हवेत क्लोरिनचा वास इतका, की घरी गेल्यावरही तो केसांतून निघत नसे. उथळ टोकाला नणंदेची खुर्ची आणि स्टँडवरचा माइक. खोल टोकाच्या भिंतीला लागून काचेची एक चिंचोळी खोली. त्या खोलीत विजेचा मुख्य फलक, अॅम्प्लिफायर आणि एक डगमगतं टेबल. खोलीला दोन दारं, एक तलावाकडं आणि एक थेट बाहेर, हिरवळीवर.

बिघाड खटपटीला लगेच कळला. स्पीकरच्या दोन जोड्या होत्या, एक नणंदेच्या डोक्यावर आणि दुसरी खोल टोकाला. आवाज तारेतून धावत येतो आणि हवेतून रमतगमत. त्यामुळं खोल टोकाच्या पोराला तोच शब्द आधी जवळच्या स्पीकरमधून आणि मग लांबच्या स्पीकरमधून असा दोनदा ऐकू येतो आणि दोन्ही मिळून गिचमिड होते. उपाय सोपा असतो. खोल टोकाच्या स्पीकरला किंचित थांबवून धरायचं, हवेतला आवाज येऊन पोहोचेपर्यंत. अॅम्प्लिफायरच्या बोर्डाला लॅपटॉप जोडला की पडद्यावर त्यासाठी रकाना यायचा. किती उशीर करायचा तो आकडा तिथं लिहायचा, एवढंच. पण या बोर्डातली ती नोंद पुसली गेली होती, आणि गुणगुणही त्याच्या आतल्या प्रोग्रॅमची होती. बनवणाऱ्या कंपनीनं त्यासाठी नवा अपडेट काढलेला तिला आदल्याच दिवशी दिसला होता.

तिनं केबल जोडली. अपडेट चढवायला घेतला. बोर्डावरचा लाल दिवा लुकलुकायला लागला आणि पडद्यावरची पट्टी मुंगीच्या पावलानं भरत गेली. अशा वेळी कुणी केबलला धक्का लावला, वीज गेली, तर बोर्डाचा दगड होतो. म्हणून ती हात मांडीवर ठेवून, श्वास रोखल्यासारखी बसून राहिली. पट्टी भरली. बोर्ड बंद होऊन चालू झाला, स्पीकरमधून नेहमीचा ठोका आला आणि गुणगुण गेली. इतकी स्वच्छ गेली की पाण्याचं फरशीवर आपटणं तिला पहिल्यांदाच ऐकू आलं.

"आता बोला ताई!" तिनं उशिराच्या रकान्यात आकडा लिहून दारातून हाक मारली.

"हात लांब!" नणंदेचा आवाज दोन्ही टोकांना सारखा खणखणला. नणंदेनं तिच्याकडं बघून मान हलवली. तिच्याकडून एवढीच पावती मिळायची, आणि तीही वर्षातून एखाददा.

खटपटीनं उशिराचा आकडा किंचित सुधारून पुन्हा लिहिला आणि ती आवराआवर करायला लागली. तेवढ्यात बाहेर गलका झाला.

"कुणी सांगितलं उडी मारायला? शिट्टी वाजली का?"

"वाजली बाई!"

"मी अजून तोंडात धरली नाही आणि वाजली कशी?"

रांगेतली सगळी पोरं पाण्यात होती. सगळी एकदम, एका तालात पडली होती. लबाडी करणारी पोरं अशी पडत नाहीत, एक आधी पडतं, त्याचं बघून दुसरं. नणंदेनं त्यांना पुन्हा वर काढलं, पुन्हा रांगेत उभं केलं. खटपटी काचेतून बघत होती. शिट्टी वाजली. पोरं पडली. आणि मग नणंदेचे गाल फुगले.

खटपटीला वाटलं, काचेमुळं आपल्याला काहीतरी वेडंवाकडं दिसलं असेल. तिनं लॅपटॉप पुन्हा उघडला. खोल टोकाच्या स्पीकरच्या उशिराच्या रकान्यात तिनं आकडा लिहिला होता, त्याच्या आधी एक छोटी आडवी रेघ होती. उणे. घाईत बोट चुकलं होतं. जुन्या प्रोग्रॅममध्ये असलं काही लिहिलं की रकाना लाल व्हायचा आणि आकडा परत टाकायचा. उशीर उणे कसा असेल? उणे उशीर म्हणजे बोलण्याआधीच आवाज, आणि तसं होत नसतं हे शाळेतल्या पोरालाही कळतं. नव्या प्रोग्रॅमनं मात्र तो मुकाट घेतला होता.

पडद्यावर हिरव्या दोन पट्ट्या होत्या. डावी माइकमध्ये येणाऱ्या आवाजाची, उजवी स्पीकरकडं जाणाऱ्या आवाजाची. बाहेर नणंद बोलत होती. आधी उजवी पट्टी उसळत होती, तिच्यामागून डावी.

तिनं डोळे चोळले. मग चष्मा पुसला. पट्ट्या तशाच उसळत राहिल्या.

शहाण्या माणसानं तिथंच ती रेघ खोडली असती. पण नावाप्रमाणं ती खटपटी होती. दुपारच्या सुट्टीत हॉल रिकामा झाला, नणंद आणि तलावाचा मॅनेजर डबा खायला गेले, तेव्हा तिनं माइकचा स्टँड लांब तार ओढत काचेच्या खोलीच्या दारात आणला. आकडा वाढवला, उणे काही सेकंद. मग वाट बघत बसली. स्पीकरमधून टाळी आली. रिकाम्या हॉलमध्ये ती टाळी या भिंतीवरून त्या भिंतीवर जात राहिली. तिनं आपल्या हातांकडं बघितलं. हात गुडघ्यांवर होते. ती बघत असतानाच ते उठले आणि टाळी वाजली. तिनंच वाजवली, तिला वाजवायचीच होती, म्हणून त्यात जोरजबरदस्ती वाटली नाही. आणि तीच गोष्ट तिला आवडली नाही.

मग तिनं ठरवलं, आता जे ऐकू येईल ते करायचंच नाही. आकडा आणखी मोठा केला. बराच वेळ स्पीकरमधून नुसती हवा आली. मग तिचाच आवाज आला, वैतागलेला, आईचा:

"अगं, पडेल ना ते!"

तिनं ओठ घट्ट मिटले. वाटलं तर हात तोंडावर धरीन, पण हे वाक्य बोलणार नाही. खरं तर बोलण्यासारखं काही नव्हतंच. हॉलमध्ये चिटपाखरू नव्हतं. पाणी स्थिर होतं. वर छतावर उन्हाचे तुकडे हळूहळू सरकत होते. मनात तिनं स्वतःचीच थट्टा केली, की बाई, स्पीकरशी पैज लावून बसलीस.

बाहेरचं दार धाडकन उघडलं. शाळा सुटून आलेली बेडकी ओल्या कुत्र्यासारखी आत घुसली. पाठीवरचं दप्तर तिनं टेबलावर टाकलं, टेबल डगमगलं आणि लॅपटॉप कडेला सरकला.

"अगं, पडेल ना ते!"

शब्द तोंडातून गेल्यावर खटपटीला कळलं की ते गेले.

"एवढं काय ओरडतेस?" लेक म्हणाली. मग आईच्या चेहऱ्याकडं बघून तिनं दप्तर गुपचूप खाली ठेवलं. "आई? बरं वाटत नाही का तुला?"

"बरं आहे. जा, कपडे बदल."

लेक गेल्यावर तिनं रकान्यातला आकडा खोडून शून्य लिहिलं आणि जतनाचं बटण दाबलं. शून्य क्षणभर राहिलं. मग त्या जागी पुन्हा उणे आकडा आला, आणि तो आधीच्यापेक्षा मोठा होता. तिनं पुन्हा शून्य लिहिलं. पुन्हा तेच, आकडा आणखी मोठा. तिसऱ्यांदा तिनं हात लावला नाही, तरी तो वाढला. आता उथळ टोकाच्या स्पीकरच्या रकान्यातही तोच आकडा येऊन बसला होता. तिनं तिथं काहीच लिहिलं नव्हतं.

तिनं दोन्ही स्पीकरच्या आवाजाच्या पट्ट्या ओढून तळाला नेल्या आणि माइकचा स्टँड उचलून उथळ टोकाला नणंदेच्या खुर्चीशी परत नेऊन ठेवला. चालताना ती त्या माइकपासून तोंड वळवून चालत होती.

नणंद डबा खाऊन आली, तेव्हा तिनं सांगितलं, "ताई, नवा प्रोग्रॅम काही धड नाही. जुना परत चढवते. तोवर माइकला हात लावू नका."

"म्हणजे सकाळपासून केलंस काय?"

"घोळ केला."

नणंद काहीतरी बोलणार होती. पण भावजयीनं आपणहून घोळ कबूल केल्याचं तिनं आजवर ऐकलं नव्हतं, त्यामुळं ती तिच्याकडं नीट बघत राहिली. "मग आजचा वर्ग बंद ठेवायचा का?"

मॅनेजर मागून आला होता. भला माणूस, पण पालकांना टरकून असायचा. "बंद नका ठेवू हो. पालक सोडून गेलेत पोरांना. शिट्टीवर घ्या की आजच्या दिवस."

"घेते शिट्टीवर," नणंद म्हणाली.

दुपारचा वर्ग पाण्यात उतरला. निळ्या-पिवळ्या टोप्या खालीवर व्हायला लागल्या. बेडकीची टोपी लाल. ती खोल टोकाला, काचेच्या खोलीसमोरच, काठ धरून पाय झाडत होती आणि अधूनमधून आईला हात करत होती. नणंद काठाकाठानं फिरत होती. माइक खुर्चीपाशी एकटा उभा होता.

खटपटीनं जुना प्रोग्रॅम शोधून चढवायला घेतला. लाल दिवा लुकलुकला. पट्टी थोडी भरली आणि अडली. मग बोर्ड आपोआप बंद झाला आणि चालू झाला. असं होतं कधीकधी, त्यात नवल नाही. आणि असा चालू झालेला बोर्ड सगळ्या नोंदी विसरून आवाजाच्या पट्ट्या मूळ जागी नेऊन ठेवतो, यातही नवल नाही. तिनं त्या तळाला नेण्यासाठी हात पुढं केला.

स्पीकरमधून ठोका आला.

बोर्ड सुरू होताना येतो त्या ठोक्यासारखा तो नव्हता. तो खालून आला, जड, लांबलचक, आणि संपता संपेना. भिंतीवरचे स्पीकर थरथरले. पोरं किंचाळली आणि मग हसायला लागली. नणंदेनं कपाळाला आठ्या घालून काचेकडं बघितलं.

मग थोडा वेळ काही नाही.

मग खोकला. आणि नणंदेचा आवाज.

"पोरांनो... बाहेर. सगळे बाहेर या. काठाला थांबू नका. दारातून बाहेर, हिरवळीवर. पळू नका, घसराल. एकमेकांचे हात धरा... बाहेर."

आवाज बसका होता, कोरडा, तोंडात पीठ भरल्यासारखा. पण तो नणंदेचाच होता. आणि नणंद खोल टोकाच्या काठावर, मिटल्या तोंडानं, शिट्टी हातात धरून उभी होती.

पोरं लहान असली की आवाज कुठून आला ते बघत नाहीत, कुणाचा आहे ते बघतात. ती काठाकडं सरकायला लागली. स्पीकर अजून काहीतरी पुटपुटत होता, पण पोरांच्या गलबल्यात ते कळत नव्हतं.

"थांबा रे!" नणंद म्हणाली. "मी नाही बोलले. कोण टवाळी करतंय?"

काही पोरं थांबली. बेडकी काठावर अर्धी चढून थांबली.

खटपटी दार ढकलून बाहेर आली. फरशीवर तिचा पाय घसरला, ती सावरली.

"ताई, काढा त्यांना."

"अगं पण कशासाठी?"

"ते विचारू नका. काढा."

"खटपटे, मी बोलले नाही. ते तुझं डबडं..."

"माहीत आहे मला. तुम्ही अजून बोलला नाहीत." तिचा स्वतःचा आवाज तिला ओळखू येईना. "ताई, आयुष्यात कधी ऐकलं नाहीत माझं. आज ऐका. काढा पोरांना!"

नणंद तिच्याकडं बघत राहिली. थोरली नणंद ती, आजवर भावजयीच्या सांगण्यावरून तिनं खुर्चीसुद्धा हलवली नव्हती. खटपटीच्या चेहऱ्यावर तिला काय दिसलं कोण जाणे. तिनं शिट्टी तोंडात घातली आणि अशी वाजवली की काचा दणाणल्या.

पोरं निघाली. ओल्या पायांचे चपचप आवाज करत, एकमेकांचे हात धरून, काचेच्या खोलीतून हिरवळीवर. नणंद पाण्यावर नजर टाकत मागं राहिली. तळ स्वच्छ दिसत होता. कुणी नव्हतं. सगळ्यांत शेवटी बेडकी, कारण तिची चप्पल सापडत नव्हती.

"चप्पल राहू दे!" आई आणि आत्या एकदम ओरडल्या.

बाहेर ऊन होतं. पोरं कुडकुडत, हात काखेत घालून उभी राहिली. मॅनेजर धावत आला. एकदा पोरांकडं आणि एकदा फाटकाकडं बघत म्हणाला, "काय झालं? अहो, पालक यायची वेळ झाली. ही अशी उघडी बाहेर का?"

नणंदेनं खटपटीकडं बघितलं. वेळ जात चालला. पोरांनी हिरवळीवर खेळायला सुरुवात केली. कुणाचे तरी वडील येऊन, पोराला थंडी वाजतेय, टॉवेल तरी द्या, म्हणून कुरकुरले. मॅनेजर म्हणाला, "मी आणतो आतून," आणि दाराकडं वळला.

"थांबा," खटपटीनं त्याची बाही धरली.

"मॅडम, सोडा हो. काय चाललंय तुमचं?"

तिलाही तेच वाटायला लागलं होतं. काय चाललंय आपलं? एका बिघडलेल्या बोर्डापायी आपण सगळ्या गावात हसं करून घेतलं. तिनं बाही सोडली.

आतून काडी मोडल्यासारखा आवाज आला.

मग दुसरी काडी. मग ओळीनं, एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडं, काड्या मोडत गेल्या.

आणि छत खाली आलं. तुकड्यांनी नाही, सगळं एकदम, डब्यावर झाकण बसावं तसं. काचांच्या आतून पाण्याची भिंत उठली. जमीन पायांखाली हलली. इमारतीच्या मुख्य दारातून पांढरा धुरळा बाहेर पडला आणि हिरवळीवर पसरत पोरांच्या पायांपर्यंत आला.

मग एक पोर रडायला लागलं आणि पाठोपाठ सगळीच.

नणंद एकेका टोपीला हात लावत मोजत होती. दोनदा मोजलं. मग मॅनेजरनं मोजलं. सगळी होती. मॅनेजर हिरवळीवर मटकन खाली बसला आणि हातात तोंड लपवून हसायला लागला. खटपटीनं लेकीला उचललं. बऱ्याच वर्षांत उचललं नव्हतं, जड झाली होती. ओल्या अंगाचा गारवा तिच्या सदऱ्यातून आत झिरपला, आणि तिचा जीव भांड्यात पडला.

"आई, माझी चप्पल आतच राहिली."

"राहू दे गं. राहू दे. नवी घेऊ. दोन घेऊ."

मग तिला आठवलं, वीज चालू आहे. तुटक्या तारा, पाणी आणि वीज. मुख्य फलक काचेच्या खोलीत होता. तिनं लेकीला खाली ठेवलं आणि बाहेरच्या दारानं आत गेली. खोलीची काच तडकली होती पण उभी होती. पलीकडं काहीच दिसत नव्हतं, नुसतं पांढरं. लॅपटॉप टेबलावर होता तसाच होता, जुना प्रोग्रॅम चढवण्याची पट्टी अर्ध्यावर अडलेली.

डावी हिरवी पट्टी हलत होती.

माइकची. ती बघत उभी राहिली. पट्टी एकदा उसळली, थांबली. पुन्हा उसळली. मग छोट्या छोट्या उड्या, एकामागून एक. एक विराम. पुन्हा उड्या. तो ठेका तिला पाठ होता. पोरांनो. बाहेर. सगळे बाहेर या. काठाला थांबू नका.

काचेपलीकडून काही ऐकू येत नव्हतं. एक शब्दही नाही.

मागं पाऊल वाजलं. नणंद दारात येऊन उभी होती. तिचे ओठ मिटलेले होते. तीही पडद्याकडं बघत होती, आणि पट्ट्यांतलं तिला काही कळत नव्हतं, तरी बघत होती.

"काय गं ते?"

"काही नाही ताई. बंद करते."

तिनं मुख्य खटका खाली ओढला. बोर्डावरचा दिवा विझला आणि पट्टी खाली बसली.

पुढं तपासणीला माणसं आली. क्लोरिनच्या वाफेनं सळ्या आतून खाल्ल्या गेल्या होत्या, वरून चकचकीत दिसत राहिल्या, असं त्यांनी सांगितलं. ते खरंच होतं. पोरं बाहेर कशी काय होती असं त्यांनी विचारलं, तेव्हा मॅनेजर म्हणाला, "आमच्या बाईंना आधी आवाज आला." त्यावर कुणी आणखी काही विचारलं नाही. बोर्ड पाण्यानं आणि धुळीनं कामातून गेला होता. खटपटीनं तो उघडूनसुद्धा बघितला नाही.

पण हे सगळं नंतरचं. त्या दिवशी संध्याकाळी नणंद आपल्या घरी गेलीच नाही. भावानं तिला हाताला धरून आपल्या घरी आणलं. जेवायला सगळे एकत्र बसले. आधी कुणाला भूक नव्हती, आणि मग सगळ्यांनाच इतकी लागली की भांडी पुसून निघाली. नवरा दर थोड्या वेळानं उठून लेकीच्या डोक्यावर हात ठेवून येत होता. नणंद खूप दिवसांनी हसत होती. भावाला रंगवून सांगत होती, "अरे, तुझी बायको माझ्यावर ओरडली! माझ्यावर! आणि मी ऐकलं!"

"आता घरात राज्य बदललं म्हणायचं," नवरा म्हणाला.

"बदललं. उद्यापासून हिचं नाव मीच बदलते."

खटपटी हसली. डोळ्यांत पाणी होतं, ते पुसलं नाही. खिडकीतून रस्त्यावरच्या गाड्यांचे आवाज येत होते, शेजारी कुणाचा तरी टीव्ही चालू होता, आणि हे सगळे आवाज आपापल्या वेळी येत होते. असं घर, असा आवाज, आणखी काय हवं असतं माणसाला.

"आत्या," बेडकी घास चावत म्हणाली, "पण तू लबाडी केलीस."

"मी काय केलं गं?"

"स्पीकरमधून म्हणालीस, तुम्ही पुढं व्हा, मला काही आता उठता यायचं नाही. बाकी कुणी ऐकलं नाही, मी स्पीकरच्या खालीच होते ना, म्हणून मला ऐकू आलं. आणि मग आलीस की चालत आमच्या मागून."

नवरा हसला. "आत्याचे गुडघे दुखतात गं, त्याचा राग काढला असेल," म्हणाला, आणि पाण्याचा तांब्या आणायला आत गेला.

नणंद हसली नाही. ती ताटाकडं बघत होती. तिचा उजवा हात टेबलाखाली गेला होता. बेडकीचा चमचा खाली पडला, तो उचलायला खटपटी वाकली, तेव्हा तिला दिसलं. नणंद आपले दोन्ही पाय, गुडघ्यापासून खाली, हळूहळू चाचपून बघत होती.